डीप टिश्यू मसाज: दाब किती, वेळ किती आणि ‘बास’ कधी म्हणायचं

कोल्हापुरात मालिश म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शाहू महाराजांच्या आश्रयानं इथं कुस्ती रुजली, तिच्याबरोबर मालिशही रुजली. गंगावेश असो, मोतीबाग असो की शाहूपुरी, तालमीत मेहनत झाली की पैलवान एकमेकांना तेल लावून रगडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मातीत उतरतात. ते बघत मोठं झाल्यामुळं इथल्या माणसाच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसलेला असतो: जेवढं कळवळलं तेवढा गुण. डीप टिश्यू मसाजला, म्हणजे स्नायूंच्या खालच्या थरापर्यंत पोचणाऱ्या मसाजला, जातानाही हाच हिशेब सोबत जातो आणि घोटाळा तिथंच होतो.

पैलवानाचं अंग रोजच्या मेहनतीनं आणि रोजच्या मालिशनं दाबाला सरावलेलं असतं. उद्यमनगरात दिवसभर लेथवर उभं राहणाऱ्याची किंवा बँकेत कॉम्प्युटरसमोर आठ तास बसणाऱ्याची पाठ तशी नसते. तिला पहिल्याच दिवशी तसला दाब दिला तर स्नायू सुटायच्या ऐवजी आणखी आवळतो. इजा होतेय असं मेंदूला वाटलं की तो त्या भागाला आखडून धरायला लावतो. मग वरून कितीही रेटा, हात खाली जातच नाही. उरतात ते फक्त दुसऱ्या दिवशीचे काळे-निळे डाग.

‘डीप’ म्हणजे जोरात नव्हे

हात मागं नेऊन खांद्याचा फरा चाचपा. मटणाच्या दुकानात ज्याला फरा म्हणतात तेच हे हाड. फरा आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये कातडीखाली चरबीचा थर आहे. त्याखाली फॅशिया नावाचा पातळ चिवट पडदा आहे, मटण साफ करताना निघतो तसा चकचकीत पापुद्रा. मग ट्रॅपेझियस हा पसरट स्नायू, त्याच्या खाली ऱ्हॉम्बॉइड आणि सगळ्यात आत कण्याला लागून खालपासून वरपर्यंत गेलेले जाड दोरांसारखे स्नायू. साध्या मालिशमध्ये काम होतं ते वरच्या थरावर. डीप टिश्यूत वरचा थर आधी सैल करून त्याच्या आडून खालच्या थरापर्यंत पोचायचं असतं. त्यामुळं या मसाजची खरी ओळख जोर ही नाही, संथपणा ही आहे. तेलही कमी लागतं. पूर्ण पाठीला दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १० मिली, पुष्कळ झालं. त्याहून जास्त ओतलं तर हात घसरतो आणि स्नायू पकडीत येत नाही. आयुर्वेदातला अभ्यंग वेगळा. त्यात कोमट तेल भरपूर असतं, दाब हलका असतो आणि हेतूही वेगळा असतो. दोन्हींची तुलना करून ‘तिथं तेल जास्त लावलं, इथं कंजूषपणा केला’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

याचा उपयोग कुणाला होतो? एकाच स्थितीत तासन्‌तास काम करून ज्यांची मान, पाठ, कंबर आखडते त्यांना. वाकून बारीक काम करणारे हुपरीचे चांदी कारागीर, गुजरीतले सोनार, शिलाई मशीनवर बसणारे, हायवेवर गाडी चालवणारे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत वजन उचलणारे, पेठांमधल्या टीमचे फुटबॉल खेळाडू. दुखणं जुनं, ठणकणारं, हालचालीनं थोडं कमी होणारं असेल तर आराम पडायची शक्यता चांगली. पण तो आराम काही दिवसांचा किंवा फार तर काही आठवड्यांचा असतो, हे आधीच कबूल करून जावं. खुर्चीची उंची चुकीची असेल किंवा मोबाइल मांडीवर ठेवून बघायची सवय असेल तर महिन्याभरात दुखणं परत त्याच जागी येतं.

ताजी इजा असेल तर मात्र थांबा. पाय मुरगळला, उसण भरली, जागेवर सूज आहे, हात लावला तर गरम लागतंय, अशा वेळी पहिले ४८ ते ७२ तास तिथं खोल दाब देऊ नये. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालून आल्यावर पोटऱ्या दगडासारख्या होतात, तेव्हाही दोन दिवस जाऊ द्या. त्या स्नायूंना आधीच बारीक इजा झालेली असते. त्या वेळी हलक्या हातानं तेल चोळणं ठीक, कोपर घालणं चूक.

कुणी टेबलावर चढूच नये

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी पूर्ण वाचा, कारण खरा धोका इथं आहे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल (वॉरफरिन, असेनोकुमारोल, अपिक्साबॅन, क्लोपिडोग्रेल वगैरे) तर खोल दाबानं आत रक्त साकळू शकतं. घरात कुणाला अँजिओप्लास्टी झाली असेल तर यातली एखादी गोळी बहुधा चालू असतेच. म्हणून वडीलधाऱ्यांना ‘वाढदिवसाची भेट’ म्हणून मसाजला पाठवण्याआधी त्यांची औषधं बघा. पायाच्या शिरेत गुठळी झालेली असेल किंवा तशी शंका असेल तर अजिबात नको. एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर आणि दाबल्यावर दुखणारी असणं हे त्याचं लक्षण. मसाजनं गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. पोटरी दुखतेय म्हणून मसाजवाल्याकडं गेलेल्या माणसाला आधी दवाखान्यात पाठवणारा मसाजवाला चांगला समजायचा.

हाडं ठिसूळ झालेली असतील, वर्षानुवर्षं स्टिरॉइड चालू असेल, अलीकडं ऑपरेशन झालं असेल, ताप असेल, त्या भागावर नायटा, पुरळ किंवा जखम असेल, ब्लड प्रेशर ताब्यात नसेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब द्यायचाच नाही. मधुमेह जुना असेल आणि तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर पायांवर खोल काम टाळा. दाब जास्त होतोय हे त्या माणसाला कळतच नाही, मग तो ‘बास’ कसं म्हणणार?

कंबरेतून पायात वीज गेल्यासारखी कळ येत असेल, पाय बधिर होत असेल किंवा पंजा उचलताना ताकद कमी पडत असेल तर आधी तपासणी, मसाज नंतर. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला तर त्याच दिवशी सीपीआर हे कोल्हापुरातलं सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं. तिथं तास मोजले जातात.

कुणाकडं जायचं

दुखण्याचं कारण माहीत नसेल तर सुरुवात फिजिओथेरपिस्टपासून करा. बी.पी.टी. ही त्यांची पदवी, आणि महाराष्ट्रात त्यांची नोंदणी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी कौन्सिलकडं होते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजायचं कारण नाही. निव्वळ मसाज करणाऱ्याकडं अशी पदवी नसेल, तरी कुठं शिकला आणि किती वर्षं करतो हे त्याला सांगता आलं पाहिजे. हाडवैद्याचं काम वेगळं आणि मसाजचं वेगळं. ‘मणका सरकलाय, बसवून देतो’ असं कुणी म्हणाला की चप्पल घालून बाहेर पडा.

चांगल्या माणसाची साधी परीक्षा आहे. तो हात लावण्याआधी विचारतो. कुठं दुखतं, कधीपासून, काय केलं की वाढतं, कोणती औषधं चालू आहेत, ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर झालंय का, आज जेवण कधी झालं. मान वळवून दाखवा, हात वर करा असं म्हणून हालचाल बघतो. एवढ्याला पाच-सात मिनिटं जातात. विचारपूस न करता थेट ‘झोपा’ म्हणणाऱ्याकडं झोपू नका.

फोनवर दर विचाराल तेव्हा वेळही नेमकी विचारा. ६० मिनिटं म्हणजे टेबलावरची ६० की कपडे बदलण्यासकट? बाईमाणसाला बाई हवी असेल तर ते आधीच ठरवून घ्यायचं, तिथं गेल्यावर नव्हे. आतले कपडे अंगावरच राहतात, आणि ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा असतो, बाकी अंगावर चादर. यात काही वेगळं घडायला लागलं तर उठून कपडे घालून निघायचं. कारण द्यायची गरज नाही.

एक हिशेब पक्का लक्षात ठेवा: ६० मिनिटांत सगळ्या अंगाचं डीप टिश्यू होत नाही. मान आणि खांदे, किंवा कंबर आणि पुठ्ठे, असे दोन भाग नीट होतात. ९० मिनिटांत पूर्ण पाठ आणि पाय. ‘डोक्यापासून पायापर्यंत डीप, एका तासात’ अशी जाहिरात दिसली तर ते तेल लावून चोळणं आहे. वाईट नाही, पण हे ते नव्हे.

जाण्याआधी

जेवण आणि मसाज यांत दीड ते दोन तासांचं अंतर ठेवा. पालथं झोपून पोटावर भार येतो, त्यात रविवारी दुपारी मटणाचं ताट आणि वर तांबडा-पांढरा रस्सा रिचवून गेलात तर काय होईल ते सांगायला नको. पण उपाशीपोटीही जाऊ नका, चक्कर येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नाहीच. केळ किंवा दोन बिस्किटं पुरेत.

दुखू नये म्हणून आधीच पेनकिलर घेऊन जाणं ही फार चालू असलेली चूक. वेदना हीच दाबाचा लगाम असते, ती बंद केली की ना तुम्हाला कळतं ना करणाऱ्याला. दारूचंही तेच. कोमट पाण्यानं आंघोळ करून गेलात तर स्नायू आधीच थोडे सैल असतात. चेन, मंगळसूत्र, अंगठ्या, घड्याळ घरी ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा, कारण तोंड टेबलाच्या भोकात असतं आणि डोळ्यांवर ताण येतो. मोबाइल बंद. पायांच्या केसांवर त्याच दिवशी रेझर फिरवू नका, तेल झोंबतं.

टेबलावर काय होतं

खोलीत एसी थंडगार असेल तर बंद करायला सांगा. अंगावर काटा येतोय म्हणजे स्नायू आवळलेले आहेत. पालथं झोपल्यावर घोट्याखाली गुंडाळलेला टॉवेल हवा, नाहीतर कंबरेत कमान राहते आणि तिथलंच दुखणं वाढतं. कंबरदुखी असेल तर पोटाखालीही पातळ उशी मागा.

पहिली पाच ते दहा मिनिटं तळहातांनी लांब लांब हात फिरवले जातात. त्यात दाब फारसा नसतो. ‘हे काय गोंजारतोय’ असं वाटतं, पण रक्तपुरवठा वाढवून वरचा थर सैल करायचं काम इथं होतं. ही पायरी गाळली की पुढचं सगळं बिघडतं. मग हाताचा कोपर ते मनगटापर्यंतचा भाग कण्याच्या शेजारून, कण्यावरून नव्हे, कंबरेपासून खांद्याकडं सरकतो. एक फेरी पूर्ण व्हायला १५ ते २० सेकंद लागायला हवेत. मनातल्या मनात मोजा. पाच सेकंदांत हात वर पोचला तर सांगा, ‘जरा दमानं’.

आता एका गाठीचं बघू, कारण खरं काम तिथंच कळतं. फऱ्याचा वरचा, कण्याकडचा कोपरा. मानेपासून उतरणारा लिव्हेटर स्कॅप्युली हा स्नायू इथं येऊन चिकटतो. फोन कानाशी खांद्यानं धरणारे, दुचाकीवर एका खांद्याला बॅग अडकवणारे आणि सतत खाली मान घालून काम करणारे, सगळ्यांचं दुखणं इथं येऊन साठतं. करणारा आधी बोटानं चाचपतो. कोपऱ्याच्या जरा वर, वाटाण्याएवढा किंवा ताणलेल्या दोरीसारखा कठीण भाग लागतो. तिथं अंगठा किंवा कोपराचं टोक ठेवून तो थांबतो. तुम्ही श्वास सोडता तसा दाब आत जातो. तुम्ही घेता तेव्हा तो तसाच राहतो, वाढत नाही. पहिल्या दहा सेकंदांत दुखणं दहापैकी सहा-सातवर असतं आणि बऱ्याचदा ते फक्त तिथं राहत नाही, मानेच्या बुडाशी आणि फऱ्याच्या कडेनं पसरतं. घाबरायचं कारण नाही, या स्नायूची ती रीतच आहे. तीसेक सेकंदांनी दाब तेवढाच असून दुखणं चार-पाचवर येतं, जणू करणाऱ्यानं हात ढिला केला. तो ढिला करत नाही, स्नायू सोडतो. मग तो मान हळूच दुसऱ्या बाजूला वळवून स्नायूच्या रेषेनं वर मानेकडं अंगठा सरकवतो. असं दोन किंवा तीन वेळा, मग त्या जागेचा नाद सोडून पुढं. दीड मिनिट धरूनही दुखणं उतरत नसेल तर जोर वाढवायचा नसतो. दाब कमी करून वेगळ्या बाजूनं यायचं असतं. एकाच जागी दहा मिनिटं रगडणाऱ्यानं गाठ सोडवलेली नसते, तिथं सूज आणलेली असते.

त्या वेळी बोटाखाली करकर आवाज येतो, आणि मग ‘गाठ फुटली’ असं म्हणायची पद्धत आहे. फुटत काही नाही. बरेचदा ती फासळीवरून किंवा फऱ्याच्या कडेवरून घसरणारी स्नायूची कड असते. गाठीला कवच नसतं. तो आवळून राहिलेला स्नायूचा तुकडा असतो आणि तो सैल होतो, एवढंच.

कंबरेत शेवटची फासळी आणि पुठ्ठ्याचं हाड यांच्यामध्ये क्वाड्रेटस लंबोरम नावाचा स्नायू आहे. कूस बदलताना चमक येते ती पुष्कळदा त्याची. त्यावर दाब बाजूनं, कण्याच्या दिशेनं द्यायचा असतो. वरून सरळ खाली, शेवटच्या मोकळ्या फासळ्यांवर कोपर रोवायचा नाही. त्याखाली मूत्रपिंडं आहेत आणि फासळी नाजूक आहे. पुठ्ठ्यावर कोपर चालतो, तिथं मांस जाड असतं. पण पुठ्ठ्याच्या मधोमध, खोलवर, सायटिक नस जाते. तिथं दाब आल्यावर मांडीपर्यंत बोथट ठणका उतरला तर चालेल. पायाच्या बोटांपर्यंत करंट किंवा मुंग्या गेल्या तर लगेच ‘थांबा’ म्हणायचं.

मानेचं काम उताणं झोपवून, डोक्याच्या मागं बसून बोटांनी होतं. कवटीच्या खालच्या कडेला बोटांची टोकं ठेवून डोक्याचं वजन त्यावर सोडलं जातं. मानेच्या पुढच्या बाजूला, जिथं नाडी लागते तिथं, खोल दाब कधीच नाही. काखेत नाही, कोपराच्या आतल्या खळगीत नाही, गुडघ्याच्या मागच्या लवणीत नाही, जांघेत नाही. या सगळ्या जागी रक्तवाहिन्या आणि नसा वरच असतात. आणि सलूनमध्ये दाढीनंतर डोक्याची मालिश करून शेवटी हनुवटी धरून मान कडकन मोडतात, ते कुणालाही करू देऊ नका. फुकट असलं तरी नको. मानेच्या हाडांतून मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्यानं फाटू शकते. हे क्वचितच होतं, पण झालं तर पक्षाघात येतो.

तोंड उघडायचं

आपल्याकडं सहन करणं म्हणजे मर्दुमकी. टेबलावर तिचा उपयोग शून्य. शून्य ते दहाच्या मोजणीत पाच ते सातमध्ये राहायचं, आठवर गेलं की बोलायचं. आकडे सुचत नसतील तर अंगाकडं बघा: श्वास रोखला गेलाय, दात आवळलेत, मूठ बंद झालीय, पायाची बोटं मुडपलीत, यातलं एक जरी झालं तरी दाब जास्त आहे. ‘दुखतंय पण बरं वाटतंय’ हे बरोबर दुखणं. टोचणारं, जळजळणारं, करंट मारणारं, बधिर करणारं हे चुकीचं.

‘दुखतंय’ एवढंच म्हणून करणाऱ्याला काही कळत नाही. त्यापेक्षा ‘अर्ध्यावर आणा’, ‘इथंच धरा’, ‘एक बोट खाली’, ‘हे पायात उतरतंय’ असं नेमकं सांगा. आणि सांगितल्यावर ‘एवढं तर दुखणारच, सहन करा’ असं उत्तर आलं तर पुढच्या वेळी दुसरा माणूस शोधा.

काम चुकतं ते बहुधा एकाच कारणानं: जिथं दुखतं तिथंच रगडलं जातं. दोन फऱ्यांच्या मध्ये दुखणाऱ्याचे पाठीचे स्नायू पुष्कळदा आवळलेले नसून ताणलेले असतात. पुढं छातीचे स्नायू आखडून खांदे ओढले गेलेले असतात आणि मागचे बिचारे दोरीखेच खेळत असतात. अशा पाठीला तासभर रगडून दोन दिवसांत दुखणं परत. गळपट्टीच्या हाडाखाली, छातीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात पाच मिनिटं काम केलं तर फरक जास्त पडतो. तसंच कंबरदुखीत मांडीच्या पुढचे स्नायू आणि पुठ्ठे बघायचे. करणारा फक्त तक्रारीच्या जागेवर बसून राहिला तर ‘पुढूनही बघता का?’ असं विचारा.

नंतर

झट्‌कन उठू नका. आधी कुशीवर वळा, हातानं रेटून बसा, मिनिटभर पाय खाली सोडून थांबा. ब्लड प्रेशरची गोळी घेणाऱ्यांना तर जास्तच गरगरू शकतं. कपडे घातल्यावर लगेच दुचाकी काढून दसरा चौकाच्या गर्दीत शिरण्यापेक्षा १५-२० मिनिटं बसा.

पुढचे २४ ते ४८ तास अंग दुखतं. पहिल्यांदा जोर-बैठका मारल्यावर दुसऱ्या दिवशी दुखतं तसं. हे चालतं. कोमट पाण्यानं आंघोळ करा, दुखऱ्या भागाला १५ ते २० मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीचा शेक द्या, रंकाळ्याला संथ फेरी मारा. जिममधलं वजन आणि फुटबॉलची मॅच एक दिवस पुढं ढकला. पाणी तहानेप्रमाणं प्या. ‘मसाजनं विषारी द्रव्यं बाहेर पडतात, ती धुऊन काढायला तीन लिटर पाणी हवं’ ही निव्वळ दंतकथा. लॅक्टिक अ‍ॅसिडचंही तेच सांगतात. व्यायामानंतर ते तासाभरात आपोआप निवळतं, त्याला मसाजची वाट बघावी लागत नाही.

काय चालत नाही? तिसऱ्या दिवशीही दुखणं वाढतच असेल. तळहाताएवढे काळे-निळे डाग असतील. लघवी कोऱ्या काळ्या चहासारखी झाली असेल: फार रगडल्यानं स्नायू तुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात गेल्याची ती खूण असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर. एक पाय सुजला किंवा दम लागला तरीही तेच. मानेच्या मसाजनंतर जोराची डोकेदुखी, चक्कर, नजर दुहेरी, बोलताना जीभ जड असं काही झालं तर झोपून बघू म्हणायचं नाही, लगेच हॉस्पिटल.

जुन्या दुखण्याला आठवड्यातून एकदा असं तीन ते चार वेळा घ्या, मग अंतर तीन-चार आठवड्यांवर न्या. एकाच जागी लागोपाठच्या दिवशी खोल काम नको. तीन वेळा घेऊनही तसूभर फरक नसेल तर दुखणं स्नायूचं नाही असं धरून डॉक्टरांकडं जा. पाच किंवा दहा वेळांचं पॅकेज पहिल्याच दिवशी पैसे भरून घेऊ नये ते यासाठीच.

मधल्या दिवसांत घरी करायचं असेल तर जुना टेनिस बॉल पायमोज्यात घाला. भिंतीला पाठ करून उभं राहा, पायमोजा खांद्यावरून पुढं धरून बॉल फरा आणि कणा यांच्यामध्ये आणा आणि गुडघे किंचित वाकवून त्यावर रेला. दुखरी जागा सापडली की हलू नका, ६० सेकंद सावकाश श्वास घ्या, मग बॉल दोन बोटं सरकवा. एका बाजूला तीन जागा, दिवसातून एकदा. बॉल कण्याच्या मणक्यांवर येऊ द्यायचा नाही, मानेवर तर नाहीच. जमिनीवर झोपून करू नका, सगळं वजन त्यावर पडतं आणि सुरुवातीलाच दाब हाताबाहेर जातो. क्रिकेटचा सीझन बॉल वापरायचा मोह होतो, पण तो कठीण असतो, फासळ्या दुखवून घ्याल.